शेवटची गाडी किती वाजता?

म्युनिकला उतरले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा, नोकरीचा करार आणि तीस दिवसांचं छप्पर होतं. कंपनीने दिलेली सामानासकटची खोली १ ते ३० सप्टेंबर २०२३ एवढ्यापुरतीच होती. नवरा आणि चार वर्षांची लेक बदलापूरला, माझ्या आईबाबांच्या जवळ. घर मिळाल्याशिवाय त्यांना बोलवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. म्हणजे घराला जितका उशीर होणार, तितके दिवस लेक मला फोनच्या पडद्यावरच दिसणार होती.

त्यात माझं येणं नेमकं ऑक्टोबरफेस्टच्या, म्हणजे इथल्या बिअरच्या मोठ्या जत्रेच्या, तोंडावर झालं. त्या वर्षी तो १६ सप्टेंबरला सुरू झाला आणि ३ ऑक्टोबरपर्यंत चालला. माझं ऑफिस श्वानथालरह्योहे स्टेशनजवळ, म्हणजे जत्रेच्या मैदानाच्या अगदी शेजारी. त्या दिवसांत शहरातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीचं भाडं चढतं. माझी खोली आणखी दोन आठवडे मिळेल का, असं विचारलं तर सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवला. पुढचे दोन महिने मी एका शेअर फ्लॅटमधल्या खोलीत काढले. मूळ राहणारी मुलगी परदेशी गेली होती, तिचाच पलंग आणि तिच्याच कुंड्या. तिथे राहूनच घर शोधलं.

गाडी घेण्याचा विचारही मनात नव्हता. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात आणि त्यांचा खर्चही भरपूर असतो. तेव्हा जे घर घेऊ ते रेल्वेला धरूनच, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. अडचण एवढीच की म्युनिकमध्ये रेल्वेला धरून असलेल्या घराची किंमत सगळ्यांनाच ठाऊक असते.

आधी जाहिरात वाचायला शिकावं लागलं. आपल्याकडे भाडं म्हणजे भाडं. इथे दोन भाडी असतात, थंड आणि गरम. थंड भाडं, म्हणजे काल्टमीटे, हे फक्त भिंतींचं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई, बहुतेक वेळा हीटिंग वगैरे धरून जे होतं ते वार्ममीटे, गरम भाडं. मोठ्या अक्षरांत बहुधा थंड आकडा असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात परवडवून घेतलेली निम्मी घरं प्रत्यक्षात परवडणारी नव्हती. वीज आणि इंटरनेट वेगळं. शिवाय घरटी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. खोल्यांचा हिशेबही निराळा. इथे हॉलही खोलीतच मोजतात, त्यामुळे ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे आपला वन बीएचके. आणि त्यातला ‘के’ गृहीत धरायचा नाही! जाहिरातीत ‘ईबीके’ ही तीन अक्षरं नसतील तर स्वयंपाकघर म्हणून फक्त एक खोली आणि भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाइप मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन जातो, किंवा तुम्हालाच विकतो.

काही जाहिराती फारच स्वस्त दिसायच्या. शहराच्या मध्यात, साठ चौरस मीटर, भाडं आठशे युरो. उघडून नीट वाचलं की कळायचं की ही अदलाबदलीची घरं आहेत. तिथे जुन्या दराने राहणाऱ्या माणसाला मोठं घर हवंय आणि बदल्यात तुमचं तसंच स्वस्त घर हवंय. माझ्याकडे द्यायला घर कुठलं? आणखी काही घरं सरकारी पात्रतेचा दाखला असणाऱ्यांसाठीच राखीव होती. हे गाळून उरलेल्या घरांना मी अर्ज करायचे.

अर्ज म्हणजे जवळजवळ स्थळ पाहण्याचाच कार्यक्रम. फोटो, दोन परिच्छेदांची स्वतःची ओळख, आणि कागदांची फाइल. फाइलमध्ये स्वतःबद्दलचा भरलेला फॉर्म, शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र, आणि शुफाचा दाखला. शुफा म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखा प्रकार. नव्याने आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. तीन स्लिपा नव्हत्या कारण पहिला पगारच व्हायचा होता, आणि घरमालकाचं पत्र नव्हतं कारण बदलापूरचं घर आमचंच होतं. मी नोकरीचा करार, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचं एक पत्र आणि उत्तरदायित्व विम्याचा कागद जोडला. हा विमा आपल्याकडे कुणी घेत नाही. इथे मात्र वॉशिंग मशीनचं पाणी खालच्या घरात गेलं किंवा इमारतीची किल्ली हरवली, तर त्याचा खर्च विमा भरतो. पॉलिसीत किल्ल्यांचा समावेश आहे का, तेवढं बघून घ्यावं. वर्षाला थोडेसेच पैसे पडतात, आणि घरमालकाला तो कागद दिसला की बरं वाटतं.

इथे एक चक्र आहे, त्यातून सुरुवातीलाच बाहेर पडायला हवं. घरात शिरल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग करावी लागते. त्याशिवाय कर-क्रमांक येत नाही, शुफाची नोंद सुरू होत नाही, आणि बँकेपासून सगळं अडतं. नोंदणीला घर देणाऱ्याची सही असलेला फॉर्म लागतो, आणि तात्पुरत्या खोल्या देणारे बरेच जण तो द्यायला तयार नसतात. कंपनीच्या खोलीवाल्यांनी दिला म्हणून माझं निभावलं. नोकरीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की तात्पुरती जागा ठरवतानाच ‘नोंदणी करता येईल का’ हे लेखी विचारून ठेवा. खोली कशी आहे ते नंतर बघितलं तरी चालेल.

हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापर्यंत भाडं असावं, असा इथल्या घरमालकांचा ढोबळ हिशेब असतो. माझ्या बाबतीत ते साडेअकराशेच्या आसपास येत होतं. शहरात तिघांना पुरेल असं घर पंधराशेच्या खाली दिसत नव्हतं. तरी मी सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून साठाच्या वर अर्ज केले. नऊ ठिकाणांहून उत्तर आलं, पाच घरं पाहिली. गीझिंगमधलं एक घर बघायला गेले तर रांग तिसऱ्या मजल्यापासून फुटपाथपर्यंत होती. सगळ्यांच्या हातात माझ्यासारखीच प्लास्टिकची फाइल. एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन उभं होतं. आत जायला प्रत्येकाला सात-आठ मिनिटं मिळत होती. माझी पाळी आली तेव्हा एजंटने फाइल घेतली, हसून ‘कळवतो’ म्हणाला. पुढे काही कळलं नाही. जिना उतरताना वर चढणाऱ्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

याच दिवसांत मी फसता फसता वाचले. सेंडलिंगमधलं सुंदर घर, भाडं साडेनऊशे. मालक म्हणाला, तो नोकरीसाठी दुसऱ्या देशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, अनामत एका मध्यस्थ वेबसाइटवर भरा, घर आवडलं नाही तर पैसे परत. वेबसाइट हुबेहूब एका नावाजलेल्या कंपनीसारखी होती. १८०० युरो भरायचे होते. मी खूप थकले होते, आणि थकलेल्या माणसाला गोष्ट खरी असावी असं वाटायला लागतं. बँकेचं ॲप उघडून बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मैत्रिणीने सहज विचारलं, “घर पाहिलंस का?” मी नाही म्हटलं. तिने माझ्या हातातला फोन काढून टेबलावर उपडा ठेवला. तिचं सांगणं एका ओळीचं होतं. घरात पाय ठेवल्याशिवाय आणि करारावर दोन्ही सह्या झाल्याशिवाय एक सेंटही द्यायचा नाही. नंतर त्याच फोटोंचं घर मला दुसऱ्या शहराच्या नावाने दिसलं.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. फसवणुकीचं सांगितलं नाही, नुसतं घर मिळत नाही म्हणाले. बाबांनी १९८९ साली बदलापूरला घर घेतलं, तेव्हा त्यांची नोकरी फोर्टात होती. मुंबईपासून सत्तरेक किलोमीटर. नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. बाबांनी घर बुक करण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर व्हीटीहून बदलापूरपर्यंत प्रवास करून पाहिला होता, आणि एकदा मुद्दाम शेवटच्या गाडीने गेले होते. त्यांनी मला भाडं विचारलंच नाही. “तू घर शहरात शोधतेयस की गाडीवर?” एवढंच म्हणाले.

मी शहरात शोधत होते. नकाशावर मारिएनप्लात्झ या शहराच्या मधल्या चौकाभोवती एक वर्तुळ काढून त्याच्या आतलं सगळं पाहत होते. दुसऱ्या दिवशी वर्तुळ पुसलं आणि एस-बानचा नकाशा समोर ठेवला. एस-बान ही इथली लोकल. १९७२च्या ऑलिंपिकच्या वर्षी सुरू झाली. मधला पट्टा एकच आणि दोन्ही टोकांना बोटं पसरावीत तसे फाटे.

आणि त्या वर्षी एक गोष्ट नवी होती. १ मे २०२३पासून डॉइचलांड-तिकीट सुरू झालं होतं, महिन्याला ४९ युरो. त्यात देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या येतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या नाहीत. त्याआधी पास झोननुसार असायचा. जितकं लांब राहाल तितका महाग, त्यामुळे भाड्यात वाचलेले पैसे तिकिटात जायचे. आता पहिल्या स्टेशनला राहा की शेवटच्या, पास तेवढाच. कंपनीने पासाच्या किमतीचा किमान चौथा हिस्सा उचलला तर आणखी पाच टक्के सूट मिळते. माझ्या कंपनीने तो उचलला, आणि माझा पास ३४.३० युरोंना पडू लागला. पुढे पासाची मूळ किंमत २०२५च्या जानेवारीत ५८ झाली, २०२६च्या जानेवारीत ६३. दोन्ही वेळा मला चिंता वाटली, कारण आमच्या घराचा सगळा हिशेब या पासावर उभा आहे. या पासाने माझ्यासारख्या, गाडी नसलेल्या हजारो घरांना शहराबाहेर राहणं शक्य केलं आहे. तो टिकावा असं मला मनापासून वाटतं.

मग मी बाबांसारखं केलं. घर आवडलं की आधी वेळापत्रक बघायचं. सकाळी आठची गाडी सगळीकडे असते, ती बघून काही कळत नाही. रात्री दहानंतर किती गाड्या आहेत? रविवारी किती? एक गाडी चुकली तर पुढची वीस मिनिटांनी की तासाने? स्टेशनपासून घरापर्यंत चालत किती? हे शेवटचं फार महत्त्वाचं. जाहिरातीत ‘एस-बानपासून दहा मिनिटं’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मोटारीने.

एका गावातलं घर तर मी जवळजवळ घेतलंच होतं. तीन खोल्या, बाग, स्वयंपाकघरासकट हजार युरो. स्टेशनपासून चार किलोमीटर, पण बस होती. बघायला शनिवारी गेले, सगळं छान. परत आल्यावर बाबांचं आठवलं म्हणून रविवारी पुन्हा गेले, कुणाला न सांगता. स्टेशनवर उतरले. बसथांब्यावरच्या कागदावर रविवारचा रकाना कोरा होता. खाली लिहिलं होतं की फोन करून आधी टॅक्सीबस मागवावी. मी चालायला लागले. एका बाजूला मक्याची कापलेली शेतं, फुटपाथ नाही, गाड्या शंभरच्या वेगाने जात होत्या. अर्ध्या वाटेवर थांबले आणि लेकीला ताप आलाय, नवरा कामावर आहे, अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणली. तिथूनच परत फिरले. घर सुंदर होतं, अजूनही आठवतं.

याच शोधात आणखी एक गोष्ट कळली, ती मला कुणी आधी सांगायला हवी होती. म्युनिकच्या जवळजवळ सगळ्या एस-बान एकाच बोगद्यातून जातात. पासिंग ते ओस्टबानहोफ या पट्ट्याचा मधला भाग जमिनीखाली आहे आणि त्यात रुळांच्या दोनच जोड्या. तिथे काही अडलं की सगळे फाटे अडतात. म्हणून तर २०१७पासून दुसऱ्या बोगद्याचं काम सुरू आहे, आणि ते पुरं व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. प्रादेशिक गाड्या मात्र या बोगद्यात शिरतच नाहीत. त्या थेट मुख्य स्टेशनच्या वरच्या फलाटांवर येतात. म्हणजे ज्या गावात एस-बानही आहे आणि प्रादेशिक गाडीही थांबते, तिथे एक दार बंद झालं तर दुसरं उघडं असतं. अशी गावं मी नकाशावर लाल पेनने गोल करून ठेवली. फ्रायसिंग, डाखाउ, ग्राफिंग, मार्क्ट श्वाबेन, होल्त्सकिर्शेन, पेटर्सहाउझेन.

पेटर्सहाउझेन हे एस-बानच्या एस-२ या मार्गाचं शेवटचं स्टेशन, म्युनिकपासून पस्तीसेक किलोमीटर. लोकलने मुख्य स्टेशन चाळीसेक मिनिटं. प्रादेशिक गाडी मधली छोटी स्टेशनं सोडते, त्यामुळे तिने पंचवीसेक. आणि शेवटचं स्टेशन म्हणजे गाडी इथूनच सुटते. सकाळी बसायला जागा! हे सुख कर्जत आणि कसाऱ्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको.

तिथल्या घराची जाहिरात चार ओळींची होती, फोटो एकच, तोही खिडकीचा. अडीच खोल्या, ६१ चौरस मीटर, थंड भाडं ८९०, वरचा खर्च २१०. म्हणजे अकराशे. स्वयंपाकघर नाही. ‘गाडी लावायला जागा नाही’ असं ठळक लिहिलेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी घर बघायला गेले. स्टेशनपासून नऊ मिनिटं चालत, सगळ्या रस्त्याला फुटपाथ आणि दिवे. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, स्वतः तळमजल्यावर राहणारी. ‘ग्र्युस गॉट’ म्हणाली आणि पुढे बव्हेरियन बोलीत जे बोलली त्यातलं मला निम्मंच कळलं. माझं जर्मन तेव्हा बाजारहाटापुरतं होतं.

तिने तीन गोष्टी विचारल्या. मूल आहे का? आहे, चार वर्षांची मुलगी. तिने मान डोलावली, आणि रात्री दहानंतर शांतता, रविवारी भिंतीत ड्रिल नाही, एवढं सांगितलं. मग विचारलं, स्वयंपाक रोज करता का? या प्रश्नाचा रोख मला कळत होता. रोज करतो, आणि फोडणीचा वास येतो, हे मी सांगितलं. खिडकी उघडून करते, पंखाही बसवेन म्हणाले. खोटं बोलून घर मिळवलं असतं तर प्रत्येक वरणाला जीव मुठीत धरावा लागला असता. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडून दाखवली. ती मागच्या सफरचंदाच्या झाडाकडे उघडत होती.

तिसरा प्रश्न होता, गाडी कुठे लावणार? मी म्हटलं, आमच्याकडे गाडी नाही, रेल्वेने जाऊ-येऊ. ती पहिल्यांदा मोकळं हसली. माझ्या आधी येऊन गेलेल्या चौघांनी तिच्याशी गाडीच्या जागेवरूनच घासाघीस केली होती. समोरच्या अरुंद गल्लीत गाड्या लावण्यावरून तिचं शेजाऱ्यांशी आधीच बिनसलेलं होतं. दोन महिने सगळीकडे जी माझी उणीव होती, तिच्यामुळेच इथे मला घर मिळालं. मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

करार अठरा पानांचा होता. सही करण्याआधी मी भाडेकरू संघटनेची सभासद झाले आणि तिथल्या वकिलाकडून तो वाचून घेतला. वर्षाच्या वर्गणीत हा सल्ला मिळतो, आणि नव्या माणसाने तो खर्च जरूर करावा. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारावीशी वाटत होती. करार संपतो कधी? तो संपत नाही. मुदतच नसते. मालकाला स्वतःला किंवा जवळच्या कुटुंबाला राहायला घर हवं असेल, किंवा मी भाडं थकवलं, अशी काही कारणं लागतात, आणि तीही कायद्यासमोर टिकावी लागतात. मला सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस. दर अकरा महिन्यांनी सामान बांधायची टांगती तलवार नाही, हे कळलं तेव्हा मी तिथेच वकिलासमोर डोळे पुसले. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, म्हणजे २६७० युरो, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. हे वकिलाने सांगितलं नसतं तर मी उसने काढून एकदम भरले असते. दलालीही नाही. २०१५पासून इथे भाड्याच्या घराचा एजंट जो बोलावतो त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि इथे तर एजंटच नव्हता.

१ डिसेंबरला, शुक्रवारी दुपारी, किल्ल्या मिळाल्या. घरमालकीण आणि मी, आम्ही दोघींनी खोलीखोलीतून फिरून ताबा-नोंद लिहिली. मीटरचे आकडे, किल्ल्या किती, लाकडी जमिनीवरचा ओरखडा कुठे. प्रत्येक ओरखड्याचा मी फोटो काढला. ती गेली आणि अंधार पडायला लागला, तेव्हा लक्षात आलं की घरात एकही दिवा नाही. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. इथे दिवेही भाडेकरूने आपले आणायचे असतात. माझ्याकडे एक उभा दिवा होता, जुन्या सामानाच्या जाहिरातीतून आठ युरोंना घेतलेला. तो मी सकाळीच एस-बानमधून मांडीवर आडवा धरून आणला होता. घरातलं बहुतेक सामान पुढे असंच आलं, चाकांच्या बॅगेतून, दोन-दोन वस्तू करत. इंडक्शन शेगडी, पोळपाट, दोन खुर्च्या. सिंक आणि ओटा तेवढा टेम्पोने आला, तोही तीन आठवड्यांनी. तोवर भांडी न्हाणीघरात घासली.

त्या रात्री बर्फ पडायला लागला. सकाळी जागी झाले ती शांततेने. खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड ओळखू येत नव्हतं. २ डिसेंबर २०२३च्या त्या बर्फाची आठवण म्युनिककर अजून काढतात. चाळीस सेंटिमीटरच्या वर पडला, विमानतळ बंद, मुख्य स्टेशनवर गाडी येईना, एस-बान पूर्ण ठप्प, ट्राम आणि बसही बंद. मी गुडघाभर बर्फातून स्टेशनवर गेले. फलाटावर चिटपाखरू नव्हतं, रूळ दिसतच नव्हते. लाल गोल करून शोधलेलं माझं दोन दारांचं गाव, आणि दोन्ही दारं एकदम बंद.

आईचा फोन आला. २६ जुलै २००५ला बाबा तिसऱ्या दिवशी घरी पोचले होते, तेव्हापासून गाड्या बंद म्हटलं की तिचा आवाज बदलतो. मी तिला सांगितलं, अगं, या वेळी मी घरी आहे. घरी हा शब्द त्या घराबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा वापरला.

घरात मेतकूट, तांदूळ आणि तुपाची बरणी होती. गुरगुट्या भात केला. दहाच्या सुमारास घरमालकीण दोन फावडी घेऊन दारात. घरासमोरचा फुटपाथ घरच्यांनी मोकळा करायचा असतो, कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपली. आम्ही दीड तास बर्फ ओढला. फावडं कमरेतून नाही, गुडघ्यातून उचलायचं, हे तिने करून दाखवलं. मग तिने मला आत बोलावून बटाट्याचं सूप दिलं. दुसऱ्या दिवशी मी तिला भात आणि मेतकूट नेऊन दिलं. तिने पिवळ्या भुकटीचा वास घेतला, सावकाश खाल्लं आणि डबा धुऊन परत केला. गाड्या त्यानंतरही काही दिवस अडखळतच होत्या.

नवरा आणि लेक फेब्रुवारीत आले. लेकीला सहा वर्षांपर्यंत तिकीटच नव्हतं.

लांब राहण्याची किंमत असते, ती लपवून कुणाला सल्ला देणं मला बरं वाटत नाही. दारापासून टेबलापर्यंत मला पंचावन्न मिनिटं लागतात. २०२४च्या जानेवारीत रेल्वेचालकांचा संप झाला, तेव्हा जवळजवळ आठवडाभर घरातून काम केलं, आणि घरातून काम न करता येणाऱ्या माणसाने ते दिवस कसे काढले असतील हे मला अजून वाटत राहतं. शहरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती झाल्यावर लोक गप्पा मारत थांबतात, तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे असतं. हिवाळ्यात सकाळी निघताना अंधार, परत येताना अंधार. पण महिन्याला चारशेच्या वर युरो वाचतात, लेकीच्या बालवाडीला आम्ही चालत जातो, आणि जाता-येता गाडीत बसून केलेल्या अभ्यासावर मी जर्मनची बी-१ परीक्षा पास झाले. घरमालकिणीची बोली आता बऱ्यापैकी कळते.

२०२५च्या जूनमध्ये आईबाबा आले. विमानतळावरून घरी येईपर्यंत बाबा खिडकीला नाक लावून होते. प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचत होते आणि चुकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर बाबा घरात नाहीत. फोन इथेच. मी चपला घालून पळत स्टेशनवर गेले. बाबा फलाटावरच्या पिवळ्या वेळापत्रकासमोर उभे होते, चष्मा कपाळावर, बोट कागदाच्या अगदी तळाच्या ओळीवर. खिशातली छोटी डायरी काढून त्यांनी आकडे उतरवून घेतले होते.

“पिवळा कागद सुटण्याचा ना?” त्यांनी विचारलं. “पांढऱ्यावर वेगळेच आकडे आहेत.”

“हो, पांढरा येण्याचा.”

त्यांनी डायरीत तेही लिहिलं. मग म्हणाले, “आज रात्रीच्या शेवटच्या गाडीने येऊ या आपण दोघं. बघू कशी असते.”